जावयाला हरवायचं नसतं

फोन वाजला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. धानाच्या रोवणीचे दिवस. अड्याळच्या माझ्या कृषी केंद्रासमोर युरियासाठी माणसांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, आणि काउंटरवर पडलेल्या फोनवर 'भाऊजी लाखनी' अशी अक्षरं उमटलेली. मी फोन पालथा केला. त्यात मला काही विशेष वाटलं नाही, कारण भाऊजींचा दोनच्या सुमारास फोन येणं आणि तो मी न उचलणं, दोन्ही एव्हाना अंगवळणी पडलं होतं. जेवण आटोपलं की ते हमखास फोन करायचे. "मुन्ना, येतं का लाइनवर? एक मॅच होऊन जाऊ दे." मी कधी म्हणायचो गिऱ्हाईक आहे, कधी म्हणायचो नेट चालत नाही, आणि बहुतेक वेळा फोन वाजू द्यायचो. त्या दिवशी तो पुन्हा वाजला, पुन्हा मी तो पालथाच ठेवला. थोड्या वेळानं माझी बायको मागच्या दारानं घाईघाईनं दुकानात आली आणि तिचा चेहरा पाहून रांगेतली माणसंही बोलायची थांबली. भाऊजींच्या फोनवरून मघापासून मला ताई बोलवत होती. भाऊजींना लकव्याचा दुसरा झटका आला होता, आणि भंडाऱ्याला दवाखान्यात नेता नेता गाडीतच ते गेले होते.

मी फोन उचलला असता तरी ते वाचले नसते, हे मला गेल्या पाच आठवड्यांत बऱ्याच जणांनी समजावून सांगितलं. अड्याळहून लाखनी म्हणजे तासाभराचा रस्ता, मी काय करणार होतो. बरोबर आहे त्यांचं. पण मला जे टोचतंय ते वाचण्या-न वाचण्याचं नाही. एका माणसानं माझ्याकडे आयुष्यभरात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती गोष्ट इतकी साधी होती की कोणाला सांगितली तर हसेल. त्यांना माझ्याशी एक मॅच खरी खेळायची होती. व्हिडिओ गेममधली. मी ती दिली नाही.

भास्करभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाखनीला हायवेच्या कडेला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. धानाला पाणी द्यायच्या वेळेला पंपाची मोटार जळली की अर्धा तालुका त्यांच्या दारात. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्या पुनर्वसनातल्या वस्त्यांमधूनसुद्धा लोक मोटारी घेऊन त्यांच्याकडे यायचे, वाटेतली चार दुकानं सोडून. जळकी तार उचकटून काढायची, नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची, आणि मोटार सुरू झाली की तिच्यावर हात ठेवून डोळे मिटून उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. मशीन नीट फिरते की नाही ते त्यांना कानापेक्षा तळहातानं जास्त कळायचं. बोलणं बेताचं, हसणं मिशीतल्या मिशीत. आणि असा हा माणूस खेळाचं यंत्र दिसलं की दहा वर्षांचा व्हायचा.

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगावच्या मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई असेल त्या गावच्या लेकीजावयांनी त्या दिवशी हजर राहायचंच, नाही आले तर वर्षभर बोलणी खायची. घरोघरी लाखोरीच्या डाळीचे वडे, रस्त्यावर दंडारीचा ढोल, आणि तळ्यातून काढलेल्या शिंगाड्यांचे ढीग. ताईचं लग्न झालं त्या वर्षीच्या मंडईला भाऊजी पहिल्यांदा जावई म्हणून आले तेव्हा त्यांच्या काखेत एक खोकं होतं. नागपूरहून आणलेला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. वायरचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. सासुरवाडीला पहिल्यांदा येताना लोक पेढे आणतात, यांनी हे आणलं. बाबांना ते नेमकं काय आहे हेच कळेना. "रेडिओ हाय काय जी?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या मागे मान घालून पाच मिनिटांत ते जोडलं, आणि पडद्यावर दोन पैलवान शड्डू ठोकत उभे राहिले.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. गावातल्या एका दुकानात ताशी भाड्यानं असले गेम मिळायचे आणि शाळेच्या नावाखाली मी तिथंच पडीक असायचो, हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं. भाऊजींनी एक रिमोट माझ्या हातात दिला. बैठकीत वीसपंचवीस माणसं, दारात बायका, खिडकीत शेजारची पोट्टी. मी पहिल्याच कुस्तीत नव्या जावयाला चितपट केलं. दुसऱ्या कुस्तीतही. तिसऱ्यांदा पाडलं तेव्हा कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "गेले बाप्पा जवाई," आणि अख्खं घर हसलं. भाऊजी सगळ्यांत जास्त हसत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "कुठं शिकला बे एवढं?" मला आठवतं, त्या क्षणी हा माणूस मला जन्मभरासाठी आवडला.

तेवढ्यात बाबांनी मला मागे बोलावलं. परसात धानाच्या पेंढ्याच्या, तणसाच्या ढिगाआड नेलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू आवाजात बोलले आणि त्या आवाजानंच मला धडकी भरली. "आपली पोरगी त्यायच्या घरी हाय," ते म्हणाले. "इथं चार लोकांत हासले ते. घरी जाऊन काय मनात धरतीन, आपल्याले का मालूम? जवायाले हरवाचं नाही. समजलं?" मला समजलं. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढं समजतं तेवढं समजलं. मी जिंकलो तर ताईला त्रास होईल. मी आत गेलो, रिमोट हातात घेतला आणि पुढच्या कुस्तीत माझ्या पैलवानाला नुसता उभा ठेवला. भाऊजींनी त्याला उचलून आपटलं. बैठकीत टाळ्या पडल्या. भाऊजींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या बाबांकडे.

तेव्हापासून दर मंडईला आमच्या घरी गेम लागायचा आणि दर मंडईला मी हरायचो. गंमत म्हणजे त्या काळातल्या आठवणी सगळ्या आनंदाच्याच आहेत. कॅसेट अडकली की भाऊजी ती काढून तिच्यात फुंकर मारायचे, मग बाबा मारायचे, मग आलेगेले पाहुणे. बदकं मारायचा एक गेम होता, त्याला प्लास्टिकची बंदूक. आईनं एकदा सरळ उठून बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवली आणि एकामागून एक सगळी बदकं पाडली. भाऊजी म्हणाले, "आत्याबाई, हे बेइमानी होते." आई म्हणाली, "तुमी बी या न जवळ, कोणी धरलं काय?" त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे कोणी सोपा मार्ग काढला की 'बंदूक काचेला लावली' असंच म्हणत. ताई मात्र कधी खेळली नाही. ती स्वयंपाकघरातून आवाज ऐकायची, तिला तेवढं पुरायचं.

हरण्यात मी पुढे चांगलाच तरबेज झालो. नुसतं उभं राहिलं तर कळतं, म्हणून थोडं झुंजायचं, एखादा डाव मारायचा, अगदी शेवटच्या क्षणी चुकायचं. नंतर क्रिकेटचे गेम आले तेव्हा तर काम फारच सोपं झालं. दोनच धावा निघण्यासारख्या असताना तिसरीसाठी पळायचं आणि धावबाद व्हायचं. हताश चेहरा करायचा, कपाळावर हात मारायचा. एवढ्या मन लावून मी दुसरं काही शिकलो असतो तर आज खताच्या गोण्या विकत बसलो नसतो. ताईच्या घरी सगळं सुखाचं होतं. भाऊजींनी तिला कधी एका शब्दानं दुखवलं नाही हे आम्ही सगळे पाहत होतो. तरी मी हरतच राहिलो, कारण जावयाला हरवायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या हरण्याची गोडी लागली होती. समोरच्याला जिंकू देणारा माणूस मनातल्या मनात एक पायरी वर उभा असतो. त्या पायरीवरून खाली यायला मला नको होतं. हे मला आज कळतंय.

बाबा वारले त्या वर्षीच्या मंडईला घरात कोणाला उत्साह नव्हता. तरी भाऊजींनीच टीव्ही लावला. आम्ही दोघंच बसलो होतो. एक मॅच झाली, नेहमीप्रमाणे मी हरलो. ते रिमोटची वायर बोटाला गुंडाळत म्हणाले, "बाबा गेले मुन्ना. आता तरी मले हरव." मी हसलो. म्हणालो, "तुमी खेळताच तसे जी, मी काय करू?" तेही हसले आणि विषय तिथंच मिटला. त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माहीत असून ते गप्प राहिले, आणि त्यांना माहीत आहे हे कळूनही मी पुढची मॅच हरलो.

ते पन्नाशीला आले तेव्हा त्यांची मुलगी प्राची पुण्याला नोकरीला लागली आणि तिनं पहिल्याच दिवाळीला बापाला एक नवं कोरं यंत्र आणून दिलं. पडद्यावरचा खेळाडू घाम पुसतो तोही दिसेल असं. लाखनीत चर्चा झाली. रिवायंडिंगवाला भास्कर दुपारी दुकान बंद करून गेम खेळतो म्हणे. त्यांच्या बरोबरीचे लोक भजनी मंडळात नाहीतर राजकारणात गेलेले, आणि हे नव्या क्रिकेट गेमची वाट बघतायत. दरवर्षी नवा गेम यायच्या आधी ते फोनवर त्याचे व्हिडिओ बघत बसायचे आणि मला फोन करून सांगायचे की यंदा चेंडू जास्त वळतो, यंदा पाऊस पडला की खेळपट्टी बदलते. पिवळ्या कॅसेटचं ते जुनं खोकंही त्यांनी जपून ठेवलं होतं. कधी मूड आला की तेही लावायचे आणि म्हणायचे, "याच्यातली मजा वेगळीच होती बाप्पा." पण ते जुन्यात रमून बसणारे नव्हते. नवीन गेममध्ये स्वतःचा संघ बनवता येतो हे कळल्यावर त्यांनी दोन संघ बनवले. एक लाखनी, एक अड्याळ. लाखनीत त्यांच्या दुकानातले कारागीर, समोरचा पंक्चरवाला, पोस्टमन. अड्याळमध्ये आमचा सगळा गोतावळा, माझ्या दिवंगत बाबांसकट. बाबांना त्यांनी यष्टिरक्षक केलं होतं. म्हणाले, "त्यायचं ध्यान सगळीकडं राहे." अड्याळचा कप्तान मी.

त्यांच्या आग्रहाखातर मीही मुलांच्या नावाखाली तसंच यंत्र घेतलं. आता मंडईची वाट बघायला नको, आपापल्या घरी बसून एकमेकांशी खेळता येईल असं त्यांचं म्हणणं. काही महिने आम्ही खेळलोही. मी हरायचो. मग गेल्या वर्षी होळीनंतर भाऊजींना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात आणि डावा पाय गेला. काठी घेऊन चालायला लागले, बोलणं थोडं जडावलं, हाताची बोटं मात्र वळेनात. तार भरायचं काम दोन्ही हातांचं. दुकान कारागिरांवर सोपवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते आरामखुर्चीत बसून उजव्या हातानं डाव्या हाताचं एकेक बोट उघडत होते, परत मिटत होते. मला पाहून म्हणाले, "वायरिंग जळली मुन्ना. भरून पाहून राहिलो." मी बाहेर येऊन गाडीपाशी बराच वेळ उभा राहिलो.

त्या वर्षीच्या मंडईला ते येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. पण आले. काठी टेकत, ताईच्या खांद्यावर हात ठेवून, प्राचीनं यंत्राची पिशवी धरलेली. वड्यांचं जेवण झालं आणि त्यांनी मला समोर बसवलं. डावा हात त्यांनी उशीवर ठेवून त्यात रिमोट अडकवला होता. अंगठा जेमतेम हलत होता. फलंदाज डावीकडे न्यायचा तर त्यांना सगळा खांदा वळवावा लागायचा. कपाळावर घाम आला होता. माझी शेवटची जोडी खेळत होती आणि शेवटच्या षटकात मला तीन धावा हव्या होत्या. समोर हा माणूस, त्याचा तो हात, भोवती सगळं घर श्वास रोखून बसलेलं... मी नसलेली तिसरी धाव घ्यायला पळालो आणि धावबाद झालो. कपाळावर हात मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी रिमोट उशीवरून उचलून बाजूला ठेवला. लोक उठून पानसुपारीला गेले, तेव्हा ते माझ्याशी बोलले. जडावलेल्या जिभेनं, एकेक शब्द सोडवत.

"तवा तू चवदा वर्साचा होता. मले तवाच समजलं होतं, बाबानं तुले मागं नेऊन काही सांगितलं. म्हटलं, पोट्टा हाय, कायले बोला. आता तुझे केस पांढरे झाले. तुझी बहीण माझ्या घरी एवढे वर्स झाले नांदून राहिली. अजून भेव वाटते तुले माझं?"

"नाही जी."

"मंग कीव येऊन राहिली."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. उजवा. "एक डाव मले खरा हरव ना बाप्पा. मी किती पाण्यात हाय ते मले बी समजू दे. साऱ्याईनं मले जवाई केलं, आता साऱ्याईनं बिमार केलं. तू तरी गडी समजून खेळ."

मी म्हणालो, "पुढच्या मंडईला." ते मान हलवून हसले. ती आमची समोरासमोरची शेवटची भेट ठरली.

त्यानंतर ते लाइनवर बोलवत राहिले आणि मी टाळत राहिलो. मन लावून खेळावं तर लकवा झालेल्या माणसाला हरवायचं, आणि हरावं तर ते ओळखणार आणि त्यांचा पुन्हा अपमान होणार. दोन्ही माझ्यानं होईना, म्हणून मी तिसरा सोपा मार्ग काढला, नेट चालत नाही. आमच्याकडचं नेट खरंच वाईट आहे, पण इतकं वाईट नाही की सात-आठ महिन्यांत एकदाही चालू नये. भेटायला जायचंही राहत गेलं. आधी धानाची विक्री, मग लग्नसराई, मग बियाणं, मग खत. दुकानदाराला कारण शोधावं लागत नाही.

तेरवीच्या दिवशी लाखनीच्या घरी सगळे नातेवाईक जमले होते. भाऊजींच्या फोटोसमोर ताई बसली होती. कोणी काही बोललं की ऐकायची, मान हलवायची. भाऊजींच्या आजारपणाचा विषय निघाला. त्यांच्या एका चुलत्यानं विचारलं, "दिवसभर बसून कंटाळत असतीन नाही?" तेव्हा ताईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या मुन्नानं कंटाळू नाही देलं," ती म्हणाली. "रोज दुपारी त्यायच्यासंगं खेळे. आपलं दुकान सोडून. जेवण झालं का हे फोन लावत, मंग दोघांची मॅच चाले. मी सयपाकघरातून आयको. वा मुन्ना, काय बॉल टाकला, असं म्हणत. मी तिथूनच विचारो, कोण जिंकला? म्हणत, मुन्ना. रोज मुन्नाच जिंके. पण खुश राहत. सख्खा भाऊ बी एवढं करत नाही." ती रडायला लागली. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली, तर त्याचाही अर्थ लोकांनी माझा साधेपणा असा लावला. ताई काय बोलतेय ते मला कळत नव्हतं. मी मंडईनंतर तर भाऊजींशी एकदाही खेळलो नव्हतो. तिच्या नवऱ्याशी रोज दुपारी कोण खेळत होतं? आणि त्या क्षणी, एवढ्या लोकांत, तो मी नव्हे असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या रविवारी मी लाखनीला गेलो. प्राची पुण्याला परतली होती, घरात ताई एकटीच. मी म्हटलं, टीव्ही लावू का जरा. ती म्हणाली, लाव. खिडकीजवळ भाऊजींची आरामखुर्ची तशीच होती आणि तिच्या उजव्या हाताला एक विचित्र वस्तू बसवलेली होती. लाकडाची फळी, तिच्यावर मोटारीच्या पत्र्याचं वाकवलेलं कडं, आणि त्या कड्यात घट्ट बसवलेला रिमोट. रिमोटवरची, खेळाडू हलवायची डावीकडची खुंटी त्यांनी पत्र्याची पट्टी लावून उजव्या बाजूला आणली होती. डावा हात वळेना म्हणून हट्टानं बोटं मोडत बसण्यापेक्षा त्यांनी एकाच हातानं खेळता येईल असं करून घेतलं होतं. लकव्यानंतर त्यांनी स्वतः केलेलं हे बहुधा एकच काम. ते कडं मी हातानं चाचपून पाहिलं. कडेला कुठंही धार राहू दिलेली नव्हती.

गेम सुरू केला तेव्हा पडद्यावर आधीच्या सामन्यांची यादी आली. लाखनी विरुद्ध अड्याळ. अड्याळ विजयी. त्याखाली पुन्हा लाखनी विरुद्ध अड्याळ, अड्याळ विजयी. मी खाली खाली जात राहिलो. पानंच्या पानं. अड्याळकडून कोणी माणूस खेळत नव्हता, कॉम्प्युटर खेळत होता. कप्तानाच्या जागी इंग्रजी अक्षरांत मुन्ना. आणि कॉम्प्युटरची पातळी त्यांनी सगळ्यांत अवघड ठेवली होती, जिथं तो कोणाला दयामाया दाखवत नाही, शेवटच्या षटकात उगाच तिसऱ्या धावेसाठी पळत नाही. मी दिलं नाही ते भाऊजींनी माझं नाव देऊन एका यंत्राकडून घेतलं होतं. मधेच एका ओळीवर मी थांबलो. लाखनी विजयी, एक गडी राखून. सगळ्या यादीत तेवढी एकच.

ताई मागे येऊन उभी राहिली होती. मी बोट ठेवलेली इंग्रजी ओळ तिला लांबून वाचता येत नव्हती, म्हणून मी सांगितलं की इथं भाऊजी जिंकले होते. "हो, तो दिवस मले याद हाय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात. एवढ्या जोरानं वरडले का मी घाबरून धावत आली. मंग तुले फोन लावून राहिले, लावून राहिले. तू काही उचलला नाही. मी म्हटलं, आत्ताच तर त्याच्यासंगं खेळले, आता आणखी फोन कायले?"

मी म्हणालो, "ताई, तो मी नव्हतो."

तिला समजेना. मी सगळं सांगितलं. बाबांनी तणसामागे नेल्यापासून पालथ्या फोनपर्यंत. तेरवीला गप्प बसलो तेही. ती पदर हातात धरून उभी होती. मग पडद्याजवळ गेली, डोळे बारीक करून ती इंग्रजी अक्षरं एकेक लावली आणि हळूच वाचलं, "मुन्ना." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती रागावेल, रडेल, निदान काहून रे असं केलं म्हणून विचारेल, याची मी वाट पाहत होतो. ती एवढंच म्हणाली, "बस. चहा ठेवते." आणि आत गेली.

मी भाऊजींच्या खुर्चीत बसलो. डावा हात मांडीवर ठेवला, तो उचलायचा नाही असं ठरवलं, आणि उजवा त्या कड्यावर. संघ लाखनीचा घेतला. समोर अड्याळ, यष्टीमागे बाबा, कप्तान मुन्ना, पातळी त्यांनी ठेवली होती तीच. लहानपणीच्या त्या तीन कुस्त्यांनंतर पहिल्यांदा मी जीव ओतून खेळलो. एका हातानं ते किती कठीण असतं हे मला पहिल्याच षटकात कळलं. खुंटी हलवावी तर बटण सुटतं, बटण धरावं तर चेंडू निघून जातो. तीन गडी पटापट गेले. तरी मी झुंजलो, शेवटच्या षटकापर्यंत नेलं, पंक्चरवाल्याच्या बॅटनं एक चौकारही मारला. घाम आला, डोळ्यांपुढचं दिसेना, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. समोरच्यानं एकही चेंडू सोपा टाकला नाही. अकरा धावांनी हरलो.

आतून कपबशीचा आवाज येत होता. तो थांबला. आणि ताईनं विचारलं, रोजच्या सवयीनं तोंडातून गेलं की मुद्दाम विचारलं, मला अजून कळलेलं नाही...

"कोण जिंकला?"

"मुन्ना," मी म्हणालो.